कॉलेज फुटबॉलचा घटता प्रेक्षक आणि खेळाडूंना मिळणारा पैसा: दोष नेमका कुणाचा?

धागाकर्ते: शनिवारचा_प्रेक्षक

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलवर (सॉकर नव्हे, अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलवर) मराठीत फारशी चर्चा होत नाही. परंतु मिशिगन, ओहायो, इंडियाना, टेक्सस अशा राज्यांत शिकलेल्या किंवा तिथे घर केलेल्या मराठी माणसांना सप्टेंबर ते डिसेंबरमधला शनिवार म्हणजे काय असतो, हे सांगावे लागत नाही. अॅन आर्बर शहरातल्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ७ हजारांहून अधिक माणसे बसतात, आणि त्या शहराची लोकसंख्याच साधारण सव्वा लाख आहे. हा खेळ मी कित्येक वर्षे मनापासून पाहत आलो आहे, म्हणून अलीकडे सतत कानांवर पडणाऱ्या एका विधानाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. खेळाडूंना पैसे मिळू लागले आणि लोकांचा या खेळातला जीव गेला, प्रेक्षक घटला तो त्यामुळेच, असे ते विधान आहे.

माझ्या मते हे विधान कालक्रमाच्या कसोटीवरच टिकत नाही. राष्ट्रीय विजेतेपदासाठीची सध्याची बाद फेरी २०१४ च्या हंगामापासून सुरू झाली. तिचा पहिला अंतिम सामना, ओहायो स्टेट विरुद्ध ओरेगन, जानेवारी २०१५ मध्ये सुमारे ३ कोटी ३४ लाख लोकांनी पाहिला. त्यानंतर आकडा उतरत गेला. जानेवारी २०२० मध्ये तो सुमारे २ कोटी ५६ लाख होता आणि जानेवारी २०२१ मध्ये १ कोटी ८७ लाखांवर आला. खेळाडूंना आपले नाव, छायाचित्र आणि प्रसिद्धी यांच्या बळावर उघडपणे पैसे मिळवण्याची मुभा मिळाली ती १ जुलै २०२१ रोजी. म्हणजे मोठी घसरण झाली तेव्हा नियमाप्रमाणे शिष्यवृत्तीपलीकडे खेळाडूच्या हाती जवळजवळ काहीच पडत नव्हते. जानेवारी २०२१ च्या आकड्याला महासाथीची पार्श्वभूमी होती हे खरे, पण उतार त्याआधीच लागला होता. पुढे जानेवारी २०२३ मध्ये १ कोटी ७२ लाखांचा नीचांक आला. त्या रात्री जॉर्जियाने टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाला ६५–७ असे हरवले होते, आणि मध्यंतरापूर्वीच निकाल लागलेला सामना लोकांनी बंद केला, यात खेळाडूंच्या मानधनाचा संबंध कुठे येतो, हे मला समजलेले नाही.

मग प्रेक्षक का घटला? पहिले कारण एकसुरीपणाचे आहे. २०१५ ते २०२१ या सात हंगामांपैकी सहा हंगामांच्या अंतिम सामन्यात अलाबामा होते आणि चार वेळा क्लेमसन. दोन्ही विद्यापीठे आग्नेय भागातली. पश्चिम किनाऱ्यावरच्या किंवा ईशान्येच्या माणसाने दर जानेवारीत तेच दोन रंग किती वर्षे पाहावेत? दुसरे कारण केबलचे आहे. अंतिम सामना ईएसपीएन या केबल वाहिनीवर असतो. २०११ च्या सुमारास ही वाहिनी सुमारे १० कोटी घरांत पोहोचत होती, आणि त्यानंतर कोट्यवधी घरांनी केबल सोडली. जे घर केबलचे पैसेच भरत नाही, त्या घराने खेळाकडे पाठ फिरवली असे म्हणणे अन्यायाचे आहे.

तिसऱ्या कारणावर मी थोडे थांबतो, कारण मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. १९५१ पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजे एनसीएए, कोणता सामना दूरचित्रवाणीवर दाखवायचा हे स्वतः ठरवत असे, कारण घरबसल्या सामना दिसला तर मैदाने ओस पडतील अशी भीती होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. त्यानंतर प्रक्षेपणाचा पैसा विद्यापीठांच्या गटांकडे, म्हणजे कॉन्फरन्सकडे, वाहू लागला. २०२२ मध्ये मध्य-पश्चिमेच्या बिग टेन या गटाने सात वर्षांसाठी सुमारे ७०० कोटी डॉलरचे करार केले. त्या पैशाच्या ओढीने लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे, ओरेगन आणि वॉशिंग्टन मध्य-पश्चिमेच्या गटात गेली. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावर राहून अटलांटिक किनाऱ्याच्या गटात खेळू लागली. १९१५ पासूनची परंपरा सांगणारी पॅसिफिकची कॉन्फरन्स एका उन्हाळ्यात कोसळली आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे मागे उरली. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांचा शतकाहून जुना वार्षिक सामना २०२३ नंतर थांबला. यांतला एकही निर्णय एकोणीस वर्षांच्या मुलाने घेतलेला नाही.

आणि पैसा नव्हता असेही नाही. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी दूर केले, तेव्हा कराराप्रमाणे त्याला साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणे लागत होते. काम थांबवण्याचा एवढा मोबदला एका माणसाला देता येत होता, तेव्हा खेळ बिघडेल असे कुणी म्हटले नाही. खेळाडूला त्याचा वाटा देण्याची वेळ आली तेव्हाच खेळाच्या पावित्र्याची आठवण का व्हावी?

माझा आक्षेप पैसे देण्याला मुळीच नाही, तो पैसे ज्या रीतीने दिले जात आहेत तिला आहे. दाते मंडळींच्या गटांनी तोंडी आश्वासने द्यायची, खेळाडूने हंगामाच्या मध्येच संघ सोडायचा आणि कुणालाच कशाने बांधून ठेवलेले नसायचे, ही स्थिती वाईटच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये नेवाडा लास वेगास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, मॅथ्यू स्लुका संघ अपराजित असताना निघून गेला, कारण कबूल केलेले पैसे मिळाले नाहीत असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते. एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीचा क्वार्टरबॅक निको इआमालेआवा मोबदल्याच्या वादातून संघ सोडून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला. प्रेक्षकांचा जीव यात खरोखर दुखावतो. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

प्रतिसाद: आकडेमोड

धागा अभ्यासपूर्ण आहे, मात्र आकड्यांच्या बाबतीत दोन गोष्टी जोडायला हव्यात. नील्सन ही दूरचित्रवाणीचे प्रेक्षक मोजणारी संस्था २०२० च्या शरद ऋतूपासून उपाहारगृहे, बार, विमानतळ अशा घराबाहेरच्या ठिकाणचे प्रेक्षकही मुख्य आकड्यात धरू लागली. त्यामुळे २०१५ चे ३ कोटी ३४ लाख आणि जानेवारी २०२५ च्या ओहायो स्टेट–नोत्र दाम सामन्याचे २ कोटी २१ लाख एकाच मापाने मोजलेले नाहीत. जुने माप आजही लावले तर घसरण आणखी मोठी दिसेल.

दुसरी गोष्ट अशी, की घसरण सगळीकडे नाही. नियमित हंगामातले मोठे सामने उत्तम चालतात. नोव्हेंबर २०२३ चा मिशिगन–ओहायो स्टेट सामना सुमारे १ कोटी ९१ लाख लोकांनी पाहिला. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस कोलंबसमध्ये झालेला टेक्सस–ओहायो स्टेट हा सामना १ कोटी ६० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला, आणि तोवर खेळाडूंना थेट विद्यापीठाकडून पैसे मिळू लागले होते. मधल्या आणि लहान विद्यापीठांचे सामने मात्र ओसाड पडत आहेत. मैदानावरच्या उपस्थितीचेही तसेच आहे. सर्वोच्च विभागाची सरासरी २०१८ मध्ये सुमारे ४२ हजारांवर आली होती, आणि १९९६ नंतरचा तो नीचांक होता. पैसे मिळण्याच्या तीन वर्षे आधीची ही गोष्ट आहे. म्हणजे प्रेक्षक खेळापासून दूर गेला यापेक्षा तो मोजक्या मोठ्या नावांभोवती गोळा झाला, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

प्रतिसाद: जुना_तिकीटधारक

मी दक्षिणेतल्या एका विद्यापीठाच्या गावात राहतो आणि हंगामाचे तिकीट बऱ्याच वर्षांपासून घेतो. आकडे आपल्या जागी ठीक आहेत, पण आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट सांगतो. पूर्वी एखादा मुलगा अठराव्या वर्षी यायचा, पहिली दोन वर्षे बाकावर बसायचा, तिसऱ्या वर्षी चुका करायचा आणि चौथ्या वर्षी शेवटच्या घरच्या सामन्याला आईवडिलांसह मैदानात यायचा, तेव्हा आम्ही सगळे उभे राहायचो. ती चार वर्षे आम्हीही त्याच्याबरोबर काढलेली असायची. आता बदलीची नोंदवही, म्हणजे ट्रान्सफर पोर्टल, उघडली की अर्धा संघ नवा होतो. बदलीनंतर एक वर्ष न खेळता बसण्याची अट २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती गेली आणि २०२४ मध्ये पूर्णच गेली. चार वर्षांत चार विद्यापीठांचे गणवेश घातलेल्या खेळाडूसाठी मी कोणत्या ओढीने घसा कोरडा करावा?

डिसेंबर २०२३ चा ऑरेंज बोल, म्हणजे हंगामाअखेरचा निमंत्रित संघांचा सामना, आठवा. तेरा सामने जिंकलेले, एकही न हरलेले फ्लोरिडा स्टेट चार संघांच्या बाद फेरीतून वगळले गेले. मग त्यांचे बहुतेक मोठे खेळाडू त्या सामन्यातून बाजूला झाले आणि जॉर्जियाने त्यांना ६३–३ असे चिरडले. तो सामना पाहताना मला राग आला नाही, वाईट वाटले. शिवाय खर्च शेवटी आमच्यावरच येतो. टेनेसीने २०२५ च्या हंगामी तिकिटांवर दहा टक्के रक्कम खेळाडूंसाठी म्हणून वाढवल्याचे जाहीरच केले होते. धागाकर्ते म्हणतात तसा दोष खेळाडूंचा नसेल, पण नुकसान प्रेक्षकाचे झाले आहे, आणि ते मोजायला नील्सनकडे माप नाही.

प्रतिसाद: शनिवारचा_प्रेक्षक

आपली वेदना मला पूर्ण समजते आणि ती खोटी आहे असे मी कधीही म्हणणार नाही. मात्र बदलीचे स्वातंत्र्य आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच उन्हाळ्यात आल्यामुळे एकत्र मिसळल्या गेल्या. प्रशिक्षक हंगाम संपायच्या आत दुसरीकडे जात होते, तेव्हा मुलांनी मात्र वर्षभर बसून राहावे ही अट न्यायाची नव्हती. मुक्त बदलीवर उपाय म्हणून पुन्हा बंदी आणता येणार नाही, कारण न्यायालये ती टिकू देत नाहीत. दोन्ही बाजूंनी सही केलेला, दोन किंवा तीन वर्षांचा, सोडून गेल्यास भरपाईची तरतूद असलेला करार हा एकच मार्ग मला दिसतो.

याच मुक्त बदलीने काय दिले, तेही पाहायला हवे. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला ४०–३५ असे हरवले. व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकाच्या संघाला हरवण्याची ती पहिलीच वेळ होती. तिचा क्वार्टरबॅक डिएगो पाव्हिया न्यू मेक्सिको स्टेटमधून आलेला होता. इंडियाना हे तर फुटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हरणारे नाव होते. कर्ट सिग्नेटी हे प्रशिक्षक जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आपले अनेक खेळाडू घेऊन तिथे आले आणि पहिल्याच हंगामात संघ बाद फेरीत पोहोचला. जुन्या व्यवस्थेत अलाबामाच्या बाकावर तिसऱ्या क्रमांकावर बसलेला मुलगा तिथेच बसून राहत असे. एकसुरीपणा मोडायला ही मोकळीक उपयोगी पडली, आणि इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन गावातल्या माणसाला त्या शरद ऋतूत जे मिळाले, तेही प्रेक्षकाच्याच खात्यावर मांडले पाहिजे.

प्रतिसाद: जलतरण_पालक

चर्चा फुटबॉलची आहे हे मान्य, पण फुटबॉलच्या पैशावर बाकीचे खेळ जगतात, म्हणून लिहिते. आमची मुलगी अमेरिकेत माध्यमिक शाळेत आहे आणि लहानपणापासून पोहते. इथल्या मराठी घरांतली मुले फुटबॉलमध्ये क्वचित दिसतात. टेनिस, पोहणे, तलवारबाजी, गोल्फ हे त्यांचे मार्ग आहेत.

खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या खटल्यात ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. २०२५–२६ साठी मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. त्याशिवाय जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे आहेत. पहिला वादी, ज्याच्या नावाने हा खटला ओळखला जातो तो ग्रँट हाउस, ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू होता. आणि मोठ्या विद्यापीठांतून चर्चिल्या जाणाऱ्या वाटणीत साधारण तीन चतुर्थांश रक्कम फुटबॉलला, मोठा भाग पुरुषांच्या बास्केटबॉलला आणि उरलेल्या थोड्यात बाकी सगळे, अशी मांडणी आहे.

तडजोडीत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. शिष्यवृत्तीशिवाय, केवळ हौसेने आणि मेहनतीने संघात टिकून असलेल्या मुलांच्या जागा त्यामुळे गेल्या. न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये याच मुद्द्यावर मंजुरी अडवून धरली आणि आधीपासून संघात असलेल्यांसाठी सवलत मिळवून दिली, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात. पण त्यानंतर नव्याने येणाऱ्यांना ती सवलत नाही. अमेरिकेचा ऑलिंपिक संघ मोठ्या प्रमाणावर याच विद्यापीठांतून घडतो. महिलांच्या खेळाकडे प्रेक्षक येत नाही, हे कारणही आता देता येणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना आणि आयोवा यांच्यातला महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला आणि त्या वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्याहून सुमारे ४० लाख प्रेक्षक कमी होते. तरीही वाटणी जुन्याच हिशेबाने होणार असेल, तर १९७२ च्या समान संधीच्या कायद्याचे, म्हणजे टायटल नाइनचे, काय करायचे? या प्रश्नावर अपिले झाली आहेत आणि माझे सगळे लक्ष तिकडे आहे.

प्रतिसाद: व्हिसावरचा_विद्यार्थी

ताई, आपल्या मुद्द्याला जोडून एक सांगतो. मी पदव्युत्तर शिक्षणासाठी मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठात आहे. मोठ्या वीस-पंचवीस विद्यापीठांचे क्रीडा विभाग स्वतःच्या पायावर उभे असतील, पण बाकीच्या बहुतेकांचा खर्च विद्यापीठाच्या निधीतून आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागवला जातो. आमच्या शुल्कपत्रकातही क्रीडा शुल्काची वेगळी ओळ आहे. भारतातून कर्ज काढून आलेला जो विद्यार्थी एकही सामना पाहत नाही, तोही ते भरतो. मोठ्यांशी स्पर्धा करण्यासाठी लहान विद्यापीठे मानधनाच्या शर्यतीत उतरली, तर ही ओळ फुगणार.

परदेशी खेळाडूंची अडचण निराळीच आहे. एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला नोकरीवर कडक बंधने असतात, त्यामुळे जाहिरातीतून पैसे मिळवणे त्याला धोक्याचे ठरते. पर्ड्यूचा कॅनडाहून आलेला बास्केटबॉलपटू झॅक ईडी देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी त्याच्या अमेरिकी सहकाऱ्यांइतकी मोकळीक त्याला नव्हती. भारतातून टेनिस किंवा ॲथलेटिक्सच्या शिष्यवृत्तीवर येणाऱ्या मुलामुलींनी हे आधीच जाणून घ्यावे आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याखेरीज कुठेही सही करू नये.

प्रतिसाद: वकिली_नजर

धागाकर्त्यांनी कराराचा मार्ग सुचवला आहे, त्यातली कायदेशीर अडचण मांडतो. १९५५ मध्ये कोलोराडोतल्या फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यातल्या डोक्याच्या दुखापतीने वारला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली आणि १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू हा कर्मचारी नाही, ही भूमिका तेव्हापासून घट्ट धरली गेली आहे आणि आजच्या सगळ्या गोंधळाचे मूळ तिच्यात आहे.

२०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी संघटना बांधण्याचा प्रयत्न केला. राष्ट्रीय कामगार मंडळाने २०१५ मध्ये आपण या प्रकरणात पडत नाही असे ठरवले. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला, पण वर्षअखेरीस तो अर्ज मागे घेतला गेला. दरम्यान २०२१ च्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएएने घातलेली बंधने ९ विरुद्ध ० मतांनी अवैध ठरवली. खेळाडूंना बाजारभावाने पैसे न देण्याच्या कराराचा बचाव दुसऱ्या कोणत्याही व्यवसायाला करता आला नसता, असे न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी आपल्या स्वतंत्र मतात मांडले.

आता गाठ अशी आहे. व्यावसायिक लीगमध्ये वेतनमर्यादा, बदलीची बंधने, करारांची मुदत हे सगळे चालते, कारण ते खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरलेले असते. विद्यापीठांना तीच बंधने हवी आहेत, पण ज्यांच्याशी वाटाघाटी करायच्या त्यांना कर्मचारी मानायचे नाही. म्हणून जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, मांडलेल्या विधेयकात विद्यापीठांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण आणि खेळाडूंना कर्मचारी न मानण्याची तरतूद, अशा दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. शिवाय सरकारी विद्यापीठांना राज्यांचे कामगार कायदे लागू होतात आणि दक्षिणेतल्या अनेक राज्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीचा हक्कच नाही. अलाबामा आणि मिशिगन यांना एकच करार लावायचा, तर केंद्रीय कायद्यावाचून गत्यंतर नाही.

प्रतिसाद: जुना_तिकीटधारक

वकिली_नजर यांचा प्रतिसाद वाचून प्रश्न पडला. खेळाडू कर्मचारी झाले, तर त्यांनी वर्गात बसण्याची सक्ती राहणार का? ती गेली, तर मग हा संघ विद्यापीठाचा कसा?

प्रतिसाद: वकिली_नजर

राहू शकते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत किंवा अध्यापनसाहाय्यक म्हणून काम करणारे पदव्युत्तर विद्यार्थी अनेक ठिकाणी कर्मचारी मानले जातात, त्यांच्या संघटना आहेत, आणि तरीही विद्यार्थी म्हणून नोंदणी ही त्यांच्या नेमणुकीची अट असते. तीच अट खेळाडूंच्या करारात घालायला अडचण नाही.

प्रतिसाद: शनिवारचा_प्रेक्षक

ही तुलना मला महत्त्वाची वाटते, कारण तिकीटधारक बंधूंना जे हवे आहे ते तिच्यातून मिळू शकते. विद्यार्थी असण्याची अट, किमान दोन वर्षांची बांधिलकी, दुखापत झाल्यास पदवीपर्यंतचा आणि त्यानंतरचा वैद्यकीय खर्च, आणि बदली करायची तर ती हंगाम संपल्यावर, ठरावीक पंधरवड्यात. वैद्यकीय खर्चाचा आग्रह मी मुद्दाम धरतो. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, महाविद्यालयीन पातळीपर्यंत खेळलेल्या ५३ जणांच्या दान केलेल्या मेंदूंपैकी ४८ मध्ये वारंवारच्या आघातांनी होणारा विकार आढळला होता. हे मेंदू बहुधा लक्षणे दिसल्यामुळेच दान झाले होते, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येणार नाही. तरीही माझ्या करमणुकीसाठी कुणी एवढी जोखीम घेत असेल, तर त्याच्या उपचारांची तरतूद मानधनाच्या आधी व्हायला हवी.

जलतरण_पालक यांच्या प्रश्नावर माझे मत असे, की लहान खेळांसाठीचा वाटा विद्यापीठाच्या मर्जीवर न सोडता प्रक्षेपणाच्या करारातूनच बाजूला काढावा. बाद फेरीच्या प्रक्षेपणासाठी ईएसपीएनने २०३१–३२ पर्यंतच्या सहा वर्षांचे सुमारे ७८० कोटी डॉलर मान्य केले आहेत. त्यातले थोडे टक्के पोहणे, कुस्ती, ॲथलेटिक्स यांच्यासाठी आधीच राखून ठेवले, तर कुठल्याही मोठ्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ बुडणार नाही. टायटल नाइनच्या अपिलांत काही हालचाल झाली, तर ताईंनी याच धाग्यावर नोंद करावी. बाद फेरीचे आकडे आले की आकडेमोड यांनी ते जुन्या आणि नव्या मापाने वेगवेगळे मांडावेत, अशी विनंती आहे.